बेडसाइड कॉट घेताय? आधी टेप घ्या, मग मोबाइल

पलंगाला लागून लावायच्या बाळाच्या कॉटची कुठलीही जाहिरात उघडा आणि बाळाकडे न बघता पलंगाकडे बघा. चार बारीक पायांवर उभा, खालून आरपार मोकळा पलंग दिसेल. कॉटचे पाय त्या मोकळ्या जागेत सरकलेले असतात, म्हणून ती पलंगाला चिकटून बसते. आता आपल्या बेडरूममधला पलंग आठवा. खाली बॉक्स. बॉक्समध्ये रजया, पाहुण्यांच्या गाद्या आणि लग्नात आलेली, अजून खोक्यातून न काढलेली भांडी. प्लायवूडची बाजू थेट फरशीपर्यंत. कॉटचे पाय जाणार कुठे?

आपल्याकडे बेडसाइड कॉट फसते ती बहुतेक वेळा इथेच. रंग, कापड, झुलायची सोय, खेळणी अडकवायचा दांडा यावर घरात तासभर चर्चा होते आणि पलंगाची उंची कुणी मोजत नाही. म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय: आधी पलंग, मग खोली, मग बाळंतपण कुणाच्या घरी आहे ते, आणि दुकान सगळ्यात शेवटी.

मुळात हवी कशाला

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण 8 ते 12 वेळा दूध पितं, आणि त्यातल्या तीन-चार वेळा रात्री येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सुमारे एक चतुर्थांश बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात. पोटावर टाके असताना रात्री तीन वाजता उठून, वळून, खाली वाकून बाळ उचलणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच विचारा. कॉट पलंगाला लागून असली की बाळंतिणीला कुशीवर वळून हात घालता येतो, बाळ जवळ ओढून पाजता येतं आणि ढेकर काढून परत त्याच्या जागी ठेवता येतं.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने 2022 साली सुधारलेल्या शिफारशींमध्ये म्हटलंय की निदान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत झोपावं, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट आणि टणक गादीवर, पाठीवर. झोपेत अचानक श्वास थांबून होणारे मृत्यू मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांतच होतात. 1990 च्या दशकात पाश्चात्त्य देशांनी बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम घेतल्यावर ते अर्ध्याहून जास्त घटले.

आता आजी म्हणणारच, "आमची सगळी पोरं कुशीतच वाढली." खरंय, आणि आजीशी या मुद्द्यावर वाद घालू नका, हरालच. पण तेव्हाची कुशी जमिनीवरच्या कडक गादीवरची होती, फोमच्या आठ इंची गादीवरची नव्हती. शिवाय काही घरांत धोका सरळसरळ वाढतो: बाळ 37 आठवड्यांच्या आधी जन्मलेलं असेल, वजन अडीच किलोच्या आत असेल, आई किंवा बाबा सिगारेट-विडी ओढत असतील, दारू किंवा गुंगी आणणारं औषध घेतलं असेल. अशा घरात बाळाची गादी वेगळीच हवी. आणि सोफ्यावर बाळ छातीशी घेऊन डुलकी काढणं हे पलंगावर झोपण्यापेक्षाही वाईट. ते कुणीच करू नये, बाबांनी तर मुळीच नाही. (कमी वजनाच्या बाळाला डॉक्टरांनी कांगारू पद्धतीने छातीशी धरायला सांगितलं असेल तर ते चालू ठेवायचं. कॉट हा त्याला पर्याय नाही.)

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. वरच्या शिफारशीत "पलंगाला जोडलेली" असं कुठेही नाही. त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, चारही बाजू बंद असलेली साधी कॉट ठेवली तरी भागतं. जोडणं ही सोय आहे, गरज नाही. तुमचा पलंग जोडून घेणारा नसेल तर ओढूनताणून जोडू नका.

पलंग मोजा

टेप, कागद, पेन आणि बसायला एक माणूस घ्या. चार मापं लागतात.

पहिलं, फरशीपासून गादीच्या वरच्या पातळीपर्यंतची उंची. चादरीसकट, पण पांघरूण-रजया काढून. बारा-चौदा इंची बॉक्स आणि त्यावर सहा-आठ इंची गादी म्हणजे 18 ते 22 इंच, सेंटिमीटरमध्ये साधारण 45 ते 55. जुना दिवाण आणि त्यावर कापसाची गादी असेल तर ते माप 15-16 इंचांवरही येतं, आणि इतक्या खाली उतरणाऱ्या कॉट फार नाहीत. मग त्याच जागी, पलंगाच्या काठावर, माणसाला बसवून पुन्हा मोजा. मऊ फोमची गादी दीड-दोन इंच सहज दबते. कॉट जुळवायची ती रिकाम्या गादीच्या उंचीशीच. पण दबल्यावरचं माप माहीत असलं की पाजताना कॉटचा काठ दंडाला किती रुतेल याचा अंदाज येतो.

दुसरं, पलंगाखालची मोकळी जागा. असेल तर उंची लिहा, नसेल तर "बॉक्स" असं लिहा. कॉटचे खालचे पाय सहसा इंग्रजी एल किंवा सी अक्षरासारखे असतात आणि पलंगाखाली शिरतात. बॉक्स असेल तर पलंगाच्या बाजूचे पाय दुमडता येणारी किंवा सरळ उभ्या पायांची कॉटच शोधायला हवी. बाकी सगळी मॉडेलं तिथल्या तिथे बाद, आणि हे एका दृष्टीने बरंच, निवड सोपी होते.

तिसरं, गादी आणि पलंगाच्या पाटीमधलं अंतर. कितीतरी पलंगांत लाकडी पाटी गादीच्या इंच-दोन इंच बाहेर येते. कॉट पाटीला टेकते, गादीला नाही, आणि मध्ये फट राहते. ही फट सगळ्यात वाईट. बाळ सरकत सरकत तिथे जाऊन तोंड अडकू शकतं. अमेरिकेतल्या कॉटच्या सूचनापत्रात दोन गाद्यांमध्ये अर्ध्या इंचाहून, म्हणजे साधारण 13 मिलिमीटरहून जास्त फट चालत नाही असं लिहिलेलं असतं. मी तर म्हणेन, बोट शिरता कामा नये. उपाय एकच: मोठी गादी पूर्ण सरकवून कॉटला टेकवायची आणि जी फट राहील ती पलीकडे, भिंतीच्या किंवा बाबांच्या बाजूला न्यायची. बाळाच्या बाजूची फट उशी, दुपटं, गुंडाळलेला टॉवेल असं काहीही कोंबून बुजवायची नाही. रात्री ते कोंबलेलं वर येतं.

पाटी गादीपेक्षा उंच असेल, नक्षीचा कठडा असेल, तर जोडायचा विचार सोडून द्या.

चौथं, पलंगाची रुंदी. कॉटचे पट्टे मोठ्या गादीखालून पलीकडच्या बाजूला नेऊन बांधतात. क्वीन आकाराचा पलंग पाच फूट, किंग सहा फूट. पट्टे तेवढे लांब आहेत का हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं. हायड्रॉलिक बेड असेल तर आणखी एक: कॉट बांधल्यावर तो महिनोन्महिने उघडता येणार नाही. बाळंतिणीची जास्तीची पांघरुणं, स्वेटर, हिवाळ्यातल्या कुंच्या जे काही आत आहे ते आधीच बाहेर काढून ठेवा.

खोली मोजा

दहा बाय दहाची बेडरूम धरू. दहा फूट म्हणजे 120 इंच. क्वीन पलंग पाटीसकट 62 इंच, बेडसाइड कॉट बाहेरून साधारण 25 इंच. उरले 33. त्यात पलीकडच्या माणसाची ये-जा आणि कपाटाचं दार. जमतं. किंग पलंग असेल तर उरतात जेमतेम वीस-बावीस इंच आणि कपाटाचं दार अर्धंच उघडतं. असं असेल तर पलंग एका बाजूने भिंतीला लावा आणि कॉटची बाजू मोकळी करा.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की बाळंतीण रात्री बाथरूमला जाणार कुठून? तिच्या बाजूला कॉट आली की तिची वाट बंद होते, आणि टाके असताना पलंगावरून सरकत पायथ्याशी जाणं हे दुखण्याचं काम आहे. पलंग लांबीला सव्वासहा-साडेसहा फूट असतो, कॉट तीन फुटांच्या आसपास. कॉट तिच्या छातीच्या रेषेत, उशीकडच्या बाजूला ठेवली की गुडघ्यांपासून खाली तीन फूट जागा मोकळी राहते. तिथून पाय खाली सोडता येतात. हे आधी चादर दुमडून, कॉटच्या आकाराची करून, फरशीवर टाकून बघा. गरोदरपणाच्या आठव्या महिन्यातही अंदाज येतो.

कॉटच्या वर फळी, भिंतीवरचं घड्याळ, देवाची किंवा लग्नाची फ्रेम नको. पडद्याची दोरी, चार्जरची वायर, डासांच्या मशीनचा प्लग हाताला येईल असा नको. एसीचा झोत थेट अंगावर नको, पंखा चालतो. खोलीत शेक-शेगडी, धुरी करायची पद्धत असेल तर ती कॉटच्या खाली किंवा शेजारी कधीच नाही, आणि दारं-खिडक्या लावून तर नाहीच. कोळशाच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. आई आणि बाळ दोघांनाही त्याचा धोका आहे.

माहेर की सासर

ही अडचण परदेशी कॉटच्या कुठल्याच माहितीत सापडणार नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण अजूनही बऱ्याच घरांत माहेरी होतं. डोहाळजेवण झालं की मुलगी जाते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर परत येते. बेडसाइड कॉट वापरायची मुदत मुळात पाच-सहा महिन्यांची. म्हणजे कॉटचं निम्मं आयुष्य, आणि तेही सगळ्यात गरजेचं, माहेरच्या पलंगाशेजारी जातं. आणि माप मात्र सासरच्या पलंगाचं घेतलेलं असतं. पुण्यातल्या फ्लॅटमधला 22 इंची बॉक्स बेड आणि साताऱ्याच्या घरातला 16 इंची दिवाण यांना एकच कॉट लागू पडायची असेल तर उंचीचे टप्पे भरपूर असलेली, घडी होणारी आणि पिशवीसकट येणारी कॉट बघा. कापडी बाजूंच्या, ॲल्युमिनियमच्या किंवा स्टीलच्या सांगाड्याच्या कॉट हलक्या असतात आणि बहुतेक हत्याराविना जुळतात. लाकडी कॉट एकदा जुळवली की ती त्याच खोलीची. दोन घरांमध्ये ने-आण असेल तर लाकडाचा मोह सोडा.

माहेरच्या पलंगाचं माप फोनवर मागवताना "पलंग किती उंच आहे गं आई?" एवढंच विचारू नका. "गुडघ्याएवढा" हे उत्तर येईल. भावाला व्हिडिओ कॉलवर टेप धरायला लावा.

आणि बाळ यायच्या आधी त्याच्या वस्तू घरात आणायच्या नाहीत, ही समजूत. ती मोडा असं मी सांगणार नाही. तिला वळसा घालता येतो. सातव्या-आठव्या महिन्यात मॉडेल ठरवा, त्या गावच्या पिनकोडवर किती दिवसांत पोचतं ते बघून ठेवा. साध्या बाळंतपणात दवाखान्यातून दोनेक दिवसांत घरी पाठवतात, सिझेरियनमध्ये तीन ते पाच. तेवढ्यात कॉट पोचेल, पण नव्या पॉलिशचा आणि फोमचा वास जायला ती दोन-चार दिवस गॅलरीत उघडी ठेवावी लागते. म्हणून शक्य असेल तर ती मैत्रिणीच्या किंवा शेजारच्या घरी आधीच मागवून, उघडून, वारा देऊन ठेवावी. वस्तू आपल्या घरात आली नाही, आजीचाही मान राहिला.

आता दुकान

मापांचा कागद हातात असला की दुकानातला वेळ निम्मा होतो. विचारायचा पहिला प्रश्न: सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या टप्प्यावर उंची किती? पुढचा लगेच: ही उंची बाळाच्या गादीची सांगताय की खाली केलेल्या काठाची? ऑनलाइन माहितीत दोन्ही आकडे सरमिसळ झालेले असतात. आपल्याला काठ हवा. खाली केलेल्या बाजूचा काठ आईच्या गादीच्या पातळीला यावा आणि बाळाची गादी त्याहून खाली असावी. बाळाची गादी आईच्या गादीशी एकदम सपाट, मध्ये काहीच नाही, असं फोटोत गोड दिसतं, पण त्यात बाळ मोठ्या गादीवर आणि मोठ्यांची रजई बाळावर सरकायला वाव राहतो. युरोपच्या ईएन 1130 या मानकाच्या 2019 च्या आवृत्तीत तर पलंगाकडची बाजू खाली केल्यावरही गादीच्या वर किमान 12 सेंटिमीटर काठ उरलाच पाहिजे असं घातलंय. भारतात विकल्या जाणाऱ्या काही कॉटवर या मानकाचा उल्लेख असतो. तो असेल तर एक गुण जास्त.

मग हात लावून बघा.

गादीवर तळहात दाबा आणि उचला. खड्डा राहिला तर ती बाळाला मऊ. हात उचलताच जागेवर यायला हवी. दुकानदार मऊपणाचं कौतुक करेल, "बघा ना मॅडम, एकदम कापूस." आपल्याला कापूस नको, बाळाचं तोंड आत रुतणार नाही असं काहीतरी हवं. गादी आणि कॉटच्या भिंतीमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. घरी कापसाची जाड गादी शिवून आत घालायचा बेत असेल तर तोही नको, कारण गादी जितकी जाड तितका काठ बुटका होतो.

बाजूंना जाळी असेल तर बारीक आणि ताणलेली हवी. झबल्याचं बटण अडकणार नाही अशी. लाकडी गज असतील तर दोन गजांमधलं अंतर 6 सेंटिमीटरच्या आत. बाजू खाली करण्याची चेन किंवा खटका एका हाताने चालतो का ते बघा, कारण रात्री दुसऱ्या हातात बाळ असेल. आणि आवाज ऐका. काही चेन इतक्या करकरीत असतात की झोपवलेलं बाळ तिच्याच आवाजाने उठतं. दुकानात गर्दीत हे कळत नाही; कान जवळ नेऊन दोनदा उघडझाप करा, दुकानदार काय म्हणायचं ते म्हणो. चाकं असतील तर प्रत्येकाला ब्रेक आहे का, ब्रेक लावून ढकलल्यावर कॉट हलते का, तेही बघा.

झुलणारी कॉट? झुलणं बंद करणारा पक्का खटका असेल तर चालेल, पण झोपल्यावर ती स्थिरच हवी, आणि पलंगाला जोडलेली असताना तर झुलायचा प्रश्नच नाही. डोक्याकडची बाजू उंच करायची सोय बऱ्याच कॉटला असते. "बाळाला उलटी होत नाही, दूध वर येत नाही" असं सांगून ती विकतात. ती वापरू नका. तिरक्या गादीवर बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडते. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने 10 अंशांहून जास्त कललेली झोपायची साधनं आणि कॉटच्या आतून लावायचे गुबगुबीत बंपर या दोन्हींच्या विक्रीवरच बंदी आली. तिकडे बंद झालेला तोच बंपर इकडे मच्छरदाणी, दोन लोड आणि मोहरीच्या उशीसकट "गिफ्ट सेट" म्हणून बारशाला येतो.

भेट म्हणून तो घ्या, हसून घ्या. लोड आणि बंपर काढून ठेवा. मोहरीच्या उशीचंही तेच. डोकं गोल व्हावं म्हणून ती ठेवतात, पण झोपेत बाळाजवळ कुठलीच उशी नसावी. डोक्याचा एक भाग चपटा होऊ नये यासाठी साधा उपाय आहे: कॉट पलंगाच्या एकाच बाजूला असते आणि बाळ आईकडेच तोंड करून झोपतं, तेव्हा एक दिवस डोकं उशाकडे, दुसऱ्या दिवशी पायथ्याकडे असं ठेवा. दिवसा जागं असताना, कुणीतरी समोर बसून, थोडा वेळ पालथं घाला. आजीने शिवलेली गोधडी त्याच कामाला उत्तम.

किंमत सहा-सात हजारांपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत जाते. वरचे पैसे बहुधा ब्रँड, चाकं आणि कापडाचे असतात. पाच-सहा महिन्यांच्या वस्तूला इतका खर्च नको असेल तर मोठ्या शहरांत बाळाच्या वस्तू भाड्याने मिळतात, किंवा नात्यातली वापरलेली घ्या. वापरलेल्या कॉटमध्ये सगळे मूळ पट्टे, बकलं आणि स्क्रू आहेत का ते मोजून घ्या. एक जरी पट्टा हरवला असेल तर ती जोडायची कॉट राहिली नाही. चारही बाजू वर करून सुटी वापरा. मूळ गादी दबलेली, डाग पडलेली असेल तर त्याच मापाची नवी टणक गादी घाला.

सुतार, पाळणा आणि झोळी

सुताराकडून करून घ्यायची असेल तर त्याला पलंगाशेजारी उभं करा आणि तिथेच माप घ्यायला लावा. बॉक्स बेडवाल्यांसाठी हा पर्याय बाजारापेक्षा सरस ठरू शकतो, कारण पाय सरळ आणि काठ नेमक्या उंचीला मिळतो. खिळे नकोत, नट-बोल्ट हवेत. गजांमधलं अंतर 6 सेंटिमीटरच्या आत. कोपऱ्यावर नक्षीचे गोंडे, कळस असलं काही वर आलेलं नको, कपडा अडकतो. तळाला पूर्ण प्लाय, हवा खेळायला भोकं पाडलेला.

माळ्यावर पडलेला घरचा जुना पाळणा उतरवायची हौस सगळ्यांनाच येते. बारशाला जरूर उतरवा. पण 1 नोव्हेंबर 2017 पासून आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमहून (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त चालत नाही. त्याआधीच्या रंगांचं काही सांगता येत नाही. रंगाचे पोपडे निघत असतील तर रोजच्या झोपेला तो नको. जुन्या पाळण्यांच्या गजांत मूठ सहज जाते, तिथे बाळाचे पाय आणि धडही निसटू शकतं.

झोळीबद्दल मी जरा सौम्य आहे. दुपारी स्वयंपाक करताना, डोळ्यांसमोर, थोडा वेळ, ठीक. रात्री नाही. साडीच्या झोळीत पाठ गोल होते, मान वाकते आणि बाजूचं कापड तोंडावर येतं. रडणं थांबलं म्हणजे झोप लागली असं आपण समजतो. झोळीत झोपलेलं बाळ उचलून कॉटमध्ये पाठीवर ठेवा.

पलंगच नसेल तर

कितीतरी घरांत सगळे खालीच झोपतात. त्यांना बेडसाइड कॉट विकत घ्यायची काही गरज नाही. आईच्या गादीशेजारी बाळाची वेगळी, पातळ, टणक गादी, दोन्हींमध्ये वीतभर फरशी दिसेल असं अंतर, आजूबाजूला उशा नाहीत. अडचण असते मुंग्या, झुरळं आणि पावसाळ्यात कोकणात विंचू-सापांची. तिथे चार खुंट्यांची मोठी मच्छरदाणी दोघांवरून लावून कडा गाद्यांखाली घट्ट खोचाव्यात. सिझेरियन झालेल्या बाईला मात्र पहिले काही आठवडे जमिनीवरून उठबस करायला लावू नका.

मच्छरदाणीचा प्रश्न कॉटवाल्यांनाही आहेच. कॉटसोबत आलेली जाळी बाजू उघडी ठेवल्यावर निरुपयोगी ठरते. पलंग आणि कॉट दोन्ही मावतील अशी जुन्या पद्धतीची चौकोनी मच्छरदाणी सगळ्यात बरी, फक्त ती कॉटमध्ये लोंबता कामा नये. कॉइल लावू नका. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही जाळी लागते.

जुळवल्यावर

सूचनापत्र वाचून, सगळे स्क्रू घट्ट करून, पट्टे पलीकडे नेऊन ताणा. मग एका हाताने कॉट बाहेर ओढा. फट पडली तर पट्टा सैल आहे. दोन्ही गाद्यांच्या सांध्यावर बोट फिरवा, उशापासून पायथ्यापर्यंत. हे रोज रात्री करायचं, कारण दिवसा लादी पुसायला येणाऱ्या मावशी कॉट थोडी ओढतात, तेल लावायला येणाऱ्या मावशी ढकलतात, आणि पलंगही बसता-उठता सरकतो.

कॉटमध्ये घट्ट बसणारी एक चादर, बस. तिच्याखाली ड्रायशीट चालेल, पण चुरगळणारं प्लॅस्टिक नको. दुपट्यात बांधायचं तर छाती मोकळी, कमरेखाली सैल, आणि कुशीवर वळायला लागल्याची पहिली चिन्हं दिसली की बांधणं बंद. गळ्यातला काळा दोरा, ताईत झोपताना काढायचा. नजरेची काळजी असेल तर तीट आहेच. चिमणाळं लटकवलं असेल तर हाताला न लागेल इतकं उंच, आणि बाळ हात मारायला लागलं की काढून टाका.

बहुतेक कॉटवर 9 किलोची मर्यादा लिहिलेली असते. त्या आकड्याच्या भरवशावर राहू नका. आपली बाळं 9 किलोंची व्हायला नऊ-दहा महिने, कधी वर्षही घेतात. पण हातांवर जोर देऊन छाती उचलणं, गुडघ्यांवर येणं पाचव्या-सहाव्या महिन्यातच सुरू होतं. मर्यादा ती. त्या दिवसापासून उघडी बाजू वर करायची, आणि कॉट उथळ असेल तर तिची रजा. पुढे खोल, उंच बाजूंची कॉट किंवा खाली गादी. घडी घालताना पट्टे, बकलं, जास्तीचे स्क्रू आणि ॲलन की एका पिशवीत भरून ती पिशवी कॉटच्या दांड्यालाच बांधा, आणि पिशवीवर मार्करने लिहा की तुमच्या पलंगाला कितवा टप्पा लागला होता. नणंदेच्या घरी जाईल तेव्हा निदान सुरुवात कुठून करायची ते तिला कळेल.